खांदा, कॉडमन आणि वर्षभरानंतरचा प्रश्न

माझ्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा एक व्यायाम शिकवला होता. पुढे वाकायचं, हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा हलू द्यायचा. फिजिओथेरपीच्या बाई त्याला ‘कॉडमन’ म्हणायच्या. मला वाटायचं, व्यायामाचंच नाव! तो माणूस होता, हे नंतर वाचलं.

अर्नेस्ट कॉडमन, बॉस्टनचे सर्जन. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंच्या कंडरा शर्टाच्या कफसारख्या वेढून असतात. तोच रोटेटर कफ. तो फाटतो, हे जे. जी. स्मिथ यांनी १८३४ मध्येच शवविच्छेदनांवरून नोंदवलं होतं. कॉडमननी तो शिवला आणि १९११ मध्ये ते प्रसिद्ध केलं.

पण मला टाक्यांपेक्षा त्यांचा प्रश्न मोठा वाटतो. शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ झाली, हे कधी म्हणायचं? कॉडमन म्हणत, रुग्णाला वर्षभरानं पुन्हा तपासा आणि निकाल वाईट असला तरी छापा. स्वतःच्या छोट्या इस्पितळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला, त्यात १२३ चुका कबूल केल्या. १९१५ मध्ये भर सभेत त्यांनी वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र लावलं. शहरातले प्रतिष्ठित डॉक्टर संतापले, हे सांगायला नकोच.

खांद्याला तर हा प्रश्न फारच लागू पडतो, बरं का. टाके दोन आठवड्यांत निघतात. कंडरा हाडाला नीट धरायला महिने जातात. सहाव्या आठवड्यात गळ्यातली झोळी निघाली तेव्हा सगळे म्हणाले, “सुटलात!” वरच्या फळीवरचं पुस्तक काढता आलं आठव्या महिन्यात. वर्ष झालं, तेव्हा इस्पितळातून कोणी विचारलंसुद्धा नाही.