नवऱ्याच्या व्हिसावरची सून



'एच-वन' आणि 'एच-फोर' हे शब्द आता आमच्या जांब समर्थमध्येही पापड लाटताना ऐकू येतात. कुणाची ना कुणाची लेक-सून तिकडे आहेच. पण यामागचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून जहाजाने अमेरिकेला गेल्या, त्या नवऱ्याशिवाय. गोपाळराव नंतर गेले. तेव्हा आपल्या माणसांना व्हिसा लागत नव्हता. १९१७ च्या कायद्याने ते दार बंद झालं, १९४६ मध्ये वर्षाला शंभर जणांपुरतं किलकिलं झालं आणि १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने उघडलं.

नवऱ्यावरून बायकोचा कागद ठरवायची खोड मात्र तिथलीही जुनी. १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं! १९२२ पासून ते हळूहळू सुधारलं. (आमच्या गावात 'सावधान' ऐकून मांडवातून निघालेल्या नारायणाची, म्हणजे समर्थांची, कथा सगळ्यांना पाठ आहे. मांडवात राहिलेल्या मुलीचं पुढे काय झालं, हे मी लहानपणापासून विचारते आहे.)

कामाचा एच-वन-बी व्हिसा १९९० च्या कायद्यातून आला. त्याच्या जोडीदाराला मिळतो तो एच-फोर. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नाही.

माझ्या नणंदेची सून इंजिनिअर, स्वतःच्या एच-वनवर गेलेली. चार वर्षांनी नोकरी गेली. अशा वेळी जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते, तीही २०१७ पासून. त्या मुदतीत तिने आय-५३९ अर्ज भरला आणि नवऱ्याच्या व्हिसावर गेली. पगार थांबला आणि कागदावर ती 'डिपेंडंट' झाली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, जरा विसावा मिळेल." मला ते बरं वाटलं नाही. इतकी शिकलेली मुलगी, तिला विसावा कुणी विचारून दिला?

२६ मे २०१५ पासून काही एच-फोर बायकांना कामाची परवानगी मिळू लागली. पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४० मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेच्या आधारावर त्याचा एच-वन सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. म्हणजे तिची पदवी त्याच्या फाइलवर अडलेली. या नियमाविरुद्धही तिथे खटला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टाने नियम कायम ठेवला. आमच्या सुनेच्या नवऱ्याचा आय-१४० अजून मंजूर व्हायचा आहे.

मी बी.कॉम., म्हणून जमेची बाजूही पाहिली. एच-फोरवरचा काळ एच-वनच्या सहा वर्षांत धरत नाहीत. तिची दोन वर्षं शिल्लक आहेत, आणि एकदा कोट्यात मोजलेल्या माणसाला त्या उरलेल्या वर्षांसाठी सहसा पुन्हा लॉटरी लागत नाही. नवी कंपनी मिळाली की तिला परत स्वतःच्या व्हिसावर जाता येईल. म्हणून तिला फोनवर सांगितलं, जुने आय-७९७ आणि पगाराच्या स्लिपा एका फाइलमध्ये, तुझ्याच नावाने ठेव.