फुकटचा बुलडॉग

आमच्या मेहुण्यांनी बुलडॉगचं पिल्लू फुकट देऊ केलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मेहुणे फुकट देतात ती वस्तू सर्वांत महाग पडते, हे त्यांच्या जुन्या स्कूटरने मला शिकवलं होतं. पण सौ. पिल्लाच्या सुरकुतल्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "अहो, अगदी तुमच्या दादांसारखं दिसतंय!" पिल्लू राहिलं. नाव ठेवलं सुभेदार.

पहिल्याच उन्हाळ्यात सुभेदार धापा टाकू लागला. "ह्याला एसी लागेल," डॉक्टर म्हणाले. आमच्या घरात मलासुद्धा पंखा दोनवरच मिळतो! मग सुरकुत्यांत मलम, डोळ्यांत थेंब. वर्षाअखेर खर्चाची वही पाहून मी हबकलो. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस हबकला की सनावळीत शिरतो. मीही शिरलो.

पूर्वी इंग्लंडात बैल खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडण्याचा खेळ चाले. बैलाला धरून लोंबकळणारा तो बुलडॉग. १८३५ साली पार्लमेंटने हा खेळ बंद केला आणि बुलडॉग बेकार झाला. बेकार माणूस राजकारणात जातो, बुलडॉग प्रदर्शनात गेला! १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला. परीक्षकांना चपटं तोंड आवडे, म्हणून पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते आणखी चपटं केलं. नाक आखडलं, पण घशातलं मांस होतं तेवढंच राहिलं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला धड श्वासच घेता येत नाही त्याने काय करावं? डोकं तर इतकं मोठं, की बुलडॉग मादीचं बाळंतपण बहुधा सिझेरियनच. म्हणजे आमचं बिल फाडलं गेलं एकोणिसाव्या शतकात, भरतोय मी!

हे एकट्या सुभेदाराचं नाही. जर्मनांनी बॅजरच्या बिळात शिरायला डॅक्सहुंड लांबट आणि बुटका केला. आता त्याच्या पाठीच्या मणक्याचा खर्च मालकाच्या डोक्यावर. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांचा वंशज लॅब्रडॉर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकाचा तुकडाच नसतो. आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी उगाच त्याला हावरट म्हणतात.

उलट घोरपड्यांच्या संस्थानातला मुधोळ कुत्रा पाहा. धावण्यासाठी घडलेला, सडसडीत, लांब नाकाचा. २००५ साली तो पोस्टाच्या तिकिटावर झळकला, तोही नाकासकट.

हे सगळं मी सौ.ला ऐकवलं, कारण डॉक्टरांनी सुभेदाराच्या नाकपुड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. "अगं, खरं तर हे बिल लंडनला पाठवायला हवं," मी म्हणालो. तिने काही न बोलता फडताळातला डबा काढला. त्यात सहा वर्षं साठवलेले चारधामचे पैसे होते.

"बद्रीनाथ कुठे पळून जातोय?" ती म्हणाली. "ह्याला आधी श्वास घेऊ दे."

आता सुभेदार रात्री शांत झोपतो. घोरतो, पण माझ्यापेक्षा कमी.

परवा मेहुण्यांचा फोन आला. "भावोजी, पर्शियन मांजराचं पिल्लू आहे. फुकट!"

मी एकच विचारलं, "त्याला नाक आहे का?"