मोटारसायकलच्या ब्रेकमधील हवा काढणे

हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा व ओल मुरलेले ऑइल बाहेर काढून नवे भरण्याची क्रिया. गॅरेजमध्ये हिला ब्लीडिंग म्हणतात. होंडा सीबी ७५० ने १९६९ मध्ये हायड्रॉलिक डिस्क ब्रेक सर्वसामान्य चालकापर्यंत आणला. भारतात हिरो होंडा सीबीझेड (१९९९) आणि बजाज पल्सर (२००१) यांनी तो ओळखीचा केला. या गाड्याही आता जुन्यांत मोडतात.

लिव्हर ओढला की मास्टर सिलेंडरमधील दट्ट्या ऑइलला ढकलतो आणि तो दाब चाकाजवळच्या, डिस्क पकडणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचतो. हवा मात्र आक्रसते, म्हणून लिव्हर मऊ लागतो. डॉट ३ व डॉट ४ ही ऑइले हवेतील ओल शोषतात. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो; ओल मुरल्यावरची किमान अट १५५° से. एवढीच. घाटाच्या लांब उतारावर त्या पाण्याची वाफ झाली, की लिव्हर थेट मुठीला टेकतो. थंड झाल्यावर तोच ब्रेक ठीक लागतो, त्यामुळे गॅरेजात दोष सापडत नाही.

हे ऑइल रंग खाते. टाकीवर आधी ओले फडके टाकावे. कॅलिपरवरच्या, हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवतात. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत. मास्टर सिलेंडरवरची ऑइलची वाटी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत लिव्हर पार तळापर्यंत दाबणे टाळावे, कारण एरवी न वापरल्या जाणाऱ्या गंजक्या भागावर घासून आतला रबरी कप फाटतो. हट्टी बुडबुडे बहुधा मास्टर सिलेंडरला पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टपाशी दडलेले असतात. हँडल वळवून तो भाग सर्वांत उंच ठेवावा व लिव्हर नुसता हलकेच हलवत राहावे. बुडबुडे वाटीत येतात.

ब्रेकची प्रत्येक तक्रार हवेवर ढकलण्याची खोड मात्र वाईट. पंप केल्यावर लिव्हर कडक होत असेल, तर हवेचा संशय रास्त आहे. धरून ठेवलेला लिव्हर सावकाश खाली जात असेल आणि गळती कुठेच नसेल, तर मास्टर सिलेंडरचे किट बदलावे. चाक जाम होत असेल, तर आधी मास्टरजवळचा बँजो बोल्ट किंचित सैल करावा. चाक सुटले तर ऑइल परत येण्याचे सुईएवढे छिद्र बुजलेले असते. ते एकेरी बारीक तारेने मोकळे करावे, ड्रिलने कधीही नव्हे. तरीही चाक सुटले नाही, पण निपल उघडताच सुटले, तर रबरी पाइप आतून फुगलेला आहे. तो बाहेरून धडधाकट दिसला तरी बदलावा. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले तर कॅलिपरचा पिस्टन गंजलेला असतो. तो काढून साफ करताना पेट्रोल वा इंजिन ऑइल वापरू नये, सील फुगतात. ताजे ब्रेक ऑइलच वापरावे.