डेमलो ते ६१७४ : कापरेकरांचे फेरे

सी ही संगणकभाषा शिकणारा नवखा विद्यार्थी बहुधा लूपपाशी अडखळतो. लूप म्हणजे एकच कृती पुन्हा पुन्हा करवून घेणारी रचना. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास सी घडवली. लूपमागची कल्पना मात्र तिच्याहून जुनी आहे. ती समजावून सांगायला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याइतका जवळचा माणूस मला दिसत नाही.

कापरेकरांचा जन्म १९०५चा, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढे फर्ग्युसन महाविद्यालय. मग १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली, म्हणजेच ‘डेमलो’, स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले, असे सांगितले जाते. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१. अंक एकेक पायरी चढतात आणि तसेच उतरतात. नऊ एककांपर्यंत हा डौल टिकतो. पुढे हातचा येऊन तो बिघडतो. सीमध्ये यासाठी दोन ‘फॉर’ लूप पुरतात : एकात मोजणी एकेकाने वाढते, दुसऱ्यात घटते. फेरे किती, हे आधीच ठाऊक असते.

१९४९ साली त्यांनी मांडलेला शोध वेगळ्या जातीचा आहे. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा करा. बोरीबंदर-ठाणे आगगाडीचे साल घेऊ, १८५३ : ८५३१ वजा १३५८ म्हणजे ७१७३, मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि ६१७४. यापुढे ६१७४च येत राहते. येथे ‘व्हाइल’ हवा : उत्तर ६१७४ नाही, तोवर फेरा चालू.

खरी परीक्षा थांबण्याच्या अटीची असते. ११११ दिल्यास उत्तर शून्य येते आणि शून्यच राहते. लूप कधीच संपत नाही. १०००मधून ०९९९ मिळते. पुढचे शून्य गाळले, तर ९९९ वजा ९९९ होऊन तीच गत. चारही अंक सारखे नसलेल्या बाकीच्या सर्व ८,९९१ चार अंकी संख्या मात्र जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ला पोचतात. बाहेर ‘फॉर’, आत ‘व्हाइल’ लिहिला की संगणक क्षणात हे तपासून देतो. कापरेकरांनी ते कागद-पेन्सिलीने केले.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांचे काम अनेक भारतीय गणितज्ञांना क्षुल्लक वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. माझ्या मते ‘क्षुल्लक’ म्हणणाऱ्यांना त्यातली केवळ पुनरावृत्ती दिसली. वजाबाकी कोणीही करील. पण ही वजाबाकी कुठे थांबणार आणि किती फेऱ्यांत, हा प्रश्न विचारणे म्हणजे गणित. लूप लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्नही तोच.