ताग, हेंप आणि एक देखणा पतंग

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पैठण तालुक्यातल्या एका शेतकरी मित्राने संभाजीनगरला घरी येऊन तागाच्या शेंगांची जुडी माझ्यापुढे टाकली. "सर, शेंग वाजंना."

हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलोऱ्यात आला की जमिनीत गाडतात. याने मात्र बांधालगतचा एक पट्टा बियाण्यासाठी राखला होता. पिकलेली तागाची शेंग हलवली की दाणे खुळखुळतात. तागाच्या रानटी भावंडांना आपण खुळखुळाच म्हणतो, आणि क्रोटॅलारिया हे शास्त्रीय नावही ग्रीकांच्या चिपळीवरूनच आलेले आहे. या शेंगा मुक्या होत्या. शेंगेला गोल भोक, आत दाण्यांऐवजी भुस्सा.

मी इतिहासाचा माणूस, उत्तर पुस्तकात शोधायची खोड. तागाचे प्रकरण काढले, उंटअळी वाचली आणि तसे सांगून मोकळा झालो. त्याने फवारणी केली. पैसा गेला, शेंगा गेल्याच.

चूक माझी होती, पण तिच्यामागे शब्दाचा घोळ होता. शालेय भूगोलातला ताग म्हणजे कोलकात्याच्या गिरण्यांचा ज्यूट. शेतकऱ्याचा ताग म्हणजे बोरू, शेंगवर्गातले निराळेच झाड. मी वाचली होती ती ज्यूटवरची अळी. ती पाठीची कमान करत चालते. मित्राने आणलेली अळी केसाळ होती आणि सरळ चालत होती. ती कशी चालते हे मी पाहिलेच नव्हते.

इंग्रजांचा घोळ याहून जुना. त्यांचा खरा हेंप म्हणजे भांगेचे झाड. पण आपली अंबाडी त्यांनी 'डेक्कन हेंप' केली आणि ताग 'सन हेंप'. तिन्ही झाडांची कुळे वेगळी, सारखा फक्त दोर. ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडांना रशियाचा हेंप लागे, आणि तो कधी तुटेल याचा नेम नसे. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या रॉबर्ट विसेटने 1804 मध्ये हेंप आणि भारतीय 'सन' यांवर पुस्तक काढले. क्रिमियन युद्धात रशियाशीच लढाई जुंपली, तेव्हा 1855 मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांचा भारतातील तंतुवनस्पतींवरचा ग्रंथ आला. झाडाला नाव त्याच्या उपयोगावरून मिळाले, आणि पुढे कीड ओळखणाऱ्याची पंचाईत झाली. भांगेच्या खोडात शिरणारा पतंग लहानसा, मळकट तपकिरी. त्याचे वर्णन फ्रान्सिस वॉकरने 1863 मध्ये केले. 'हेंपचा पतंग' म्हणून तागावर त्याला शोधत बसलात तर हंगाम संपेल.

अखेर पुस्तके मिटली. उरलेल्या अळ्या काचेच्या बरणीत तागाच्या पाल्यावर ठेवल्या, तोंडाला मलमल बांधली. कोषातून बाहेर आला तो पांढरट पंखांवर लाल-काळे ठिपके मिरवणारा पतंग, अगदी छापील चिटाचा तुकडा. तो युटेथीसा. लिनियसने 1758 मध्ये याच्यातल्या एकाला 'पुल्केला', म्हणजे देखणी, म्हटले, आणि बसवले मात्र कपडे खाणाऱ्या कसरीच्या पंगतीत! क्रामरने 1777 मध्ये दुसऱ्याला 'लोट्रिक्स' नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ परटीण. हॅम्पसनने 1907 मध्ये आणखी एक वेगळा काढला. ही भावंडे इतकी सारखी की ठिपके पाहून जात ठोकून देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली नराचे अवयव तपासावे लागतात. शेतकऱ्याला मात्र कूळ कळले तरी पुरते.

एवढा भडक पतंग दिवसाही बेधडक उडतो, त्याचे कारण शेंगेतच आहे. तागाच्या कुळातल्या झाडांत विषारी अल्कलॉइडे असतात आणि बियांत ती विशेष. अळी ती अंगात साठवते. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस आयझनर यांनी याच्या अमेरिकी भावंडावर वर्षानुवर्षे काम केले. जाळ्यात सापडलेला असा पतंग कोळी स्वतः धागे तोडून सोडून देतो, हे त्यांनी दाखवले. नर मिलनाच्या वेळी हे विष मादीला देतो आणि ते अंड्यांपर्यंत पोचते. म्हणजे शेंग पोखरणे ही नुसती भूक नव्हे.

आधी पाने खाणारी अळी एकदा शेंगेत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचणे अवघड. यंदा मित्राने भाद्रपदापासून पाने उलटून पाहिली आणि कोवळ्या अळ्या हातानेच वेचल्या. परवा त्याने पुन्हा जुडी आणली. आम्ही दोघांनी एकेक शेंग कानाशी धरून हलवली. निम्म्याहून जास्त वाजल्या.