नाव, पत्ता आणि जमीन: ‘रेफरन्स’ या शब्दाच्या गोंधळाचा इतिहास

१/ कोणी म्हणाले, “कर्जतला निघालो,” तर विचारावे लागते: कोणत्या? एक कर्जत रायगडात, बोरघाटाच्या पायथ्याशी. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यात. नाव एक, गावे दोन. उलट, १९८१ साली कुलाबा जिल्हा ‘रायगड’ झाला, पण कर्जत-खालापूर जागचे हलले नाहीत. जिल्हा एक, नावे दोन.

२/ नाव, जागेचा पत्ता आणि त्या जागी असलेली वस्तू या तीन निराळ्या गोष्टी. संगणकाच्या भाषांमध्ये व्हॅल्यू, रेफरन्स आणि पॉइंटर या शब्दांवरून आजही वाद होतात, कारण या तिहींची सरमिसळ होते. ती कशी झाली, ते पाहू.

३/ १९५८ च्या फोर्ट्रान-२ मध्ये उपप्रोग्राम आले. त्यांना मूल्याऐवजी त्याचा पत्ता दिला जाई. परिणामी काही जुन्या कंपायलरांत उपप्रोग्राम चक्क एखाद्या स्थिरांकाचेच मूल्य बदलून टाकू शके!

४/ १९६० च्या अल्गोलने दोन पद्धती दिल्या: ‘व्हॅल्यू’ म्हणजे मूल्याची प्रत देणे, आणि ‘नेम’ म्हणजे दिलेली पदावली प्रत्येक वापराच्या वेळी नव्याने मोजणे.

५/ पुढे पीएल/वन भाषेत ‘पॉइंटर’ आला. त्याचे श्रेय हॅरॉल्ड लॉसन यांना दिले जाते. १९६५ मध्ये टोनी होअर यांनी अल्गोल-डब्ल्यूसाठी ‘नल रेफरन्स’ योजला. कशाकडेच न नेणाऱ्या या रेफरन्सला त्यांनीच २००९ मध्ये आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले.

६/ १९६७, कोपनहेगन. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी व्याख्यानांत भेद स्पष्ट केला: समीकरणचिन्हाच्या डावीकडे नाव आले की जागा अभिप्रेत असते, उजवीकडे आले की त्या जागेतील मूल्य. ही टिपणे हस्ते-परहस्ते फिरत राहिली. रीतसर छापली गेली २००० साली.

७/ दरम्यान शब्द फुटला होता. सी++ मध्ये ‘रेफरन्स’ म्हणजे त्याच वस्तूचे दुसरे नाव. १९९५ च्या जावात ‘रेफरन्स’ म्हणजे वस्तूकडे नेणारे मूल्य, म्हणजे जवळजवळ पॉइंटरच. जावात पॉइंटर नाहीत असे सांगितले जाई. चुकीच्या संदेशाचे नाव मात्र ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’!

८/ आता खालापुरातील एका जमिनीचा सातबारा घ्या. त्याची झेरॉक्स मी तुम्हाला दिली. तुम्ही त्या जमिनीत विहीर खणली, तर माझ्याही कागदावरच्या जमिनीत विहीर झाली. पण तुमच्या झेरॉक्सवरचा गट क्रमांक खोडून दुसरा लिहिलात, तर माझा कागद तसाच राहतो.

९/ जावात नेमके हेच घडते: पत्त्याची प्रत दिली जाते, जमिनीची नव्हे. माझा मूळ कागदच तुमच्या हाती दिला आणि तुम्ही त्यावर खाडाखोड केलीत, तर तो खरा ‘कॉल बाय रेफरन्स’. झेरॉक्सच्या प्रकाराला बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेने १९७० च्या दशकातच ‘शेअरिंग’ हे नेमके नाव दिले होते. ते फारसे रुजले नाही, म्हणून वाद उरला.

१०/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कोणी विचारले, “ही भाषा व्हॅल्यूची की रेफरन्सची?” तर शब्दावर भांडू नका. एवढेच विचारा: प्रत कशाची झाली, कागदाची की जमिनीची? आणि हो, कर्जत कोणते, तेही.