व्रणरोग, माशांचा साथीचा
ॲफॅनोमायसीस इन्व्हॅडन्स या जलबुरशीमुळे गोड्या व मचूळ पाण्यातील माशांच्या त्वचेत व स्नायूंत खोल व्रण पाडणारा संसर्गजन्य रोग. १९७१ मध्ये जपानमधील संवर्धित आयू माशांत तो प्रथम नोंदला गेला. पुढे ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियातून पसरत तो १९८८ मध्ये बांगलादेशमार्गे ईशान्य भारतात शिरला.

ही बुरशी खऱ्या कवकांत मोडत नाही (पहा : कवक). तिचे चलबीजाणू, म्हणजे कशाभिकांच्या साहाय्याने पोहणाऱ्या सूक्ष्म प्रजननपेशी, इजा झालेल्या त्वचेला चिकटून अंकुरतात आणि त्यांचे तंतू स्नायूंत घुसतात. आरंभी लाल ठिपका दिसतो, नंतर खवले गळून मांस उघडे पडते व त्यात जीवाणू शिरतात. पावसाळ्यानंतर पाण्याचे तापमान १८ ते २२° से.पर्यंत उतरते, तेव्हा माशांची प्रतिकारशक्ती मंदावून साथ बळावते. मरळ विशेष बळी पडतो. कटला, रोहू व मृगळ यांनाही लागण होते, तिलापिया मात्र प्रतिकारक्षम आहे. पुराचे पाणी, तळ्यात शिरणारे रानटी मासे, बाधित मत्स्यबीज व ओली जाळी यांतून प्रसार होतो.

मोठ्या जलाशयात उपचार जवळजवळ अशक्य असल्याने प्रतिबंधच महत्त्वाचा ठरतो : तळे आटवून तळ उन्हात वाळवणे, चुना टाकणे, पाणी गाळून घेणे, निरोगी बीज सोडणे (पहा : मत्स्यसंवर्धन). भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने विकसित केलेले सायफॅक्स हे औषध एक मीटर खोल पाण्यात हेक्टरी एक लिटर वापरतात. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने हा रोग अधिसूचित रोगांत समाविष्ट केला आहे.